जमिनीची माणसे आणि कागदावरची जमीन

पाब्लो नेरूदा मराठी वाचकाला परका नाही. चिलीच्या दक्षिणेकडील तेमुको या पावसाळी गावात त्याचे बालपण गेले. वडील रेल्वेत नोकरीला होते. आपल्या आठवणींत त्याने तिथल्या दुकानांचे वर्णन केले आहे. दारावर अवाढव्य वस्तू टांगलेल्या असत: करवत, हंडा, कुलूप, चमचा, बूट. त्याचे कारणही तो देतो. गिऱ्हाइकांत मूळ रहिवासी पुष्कळ, आणि त्यांना वाचता येत नसे. प्रथम वाचले तेव्हा मला याची गंमत वाटली होती. पुढे त्या मुलखाचा इतिहास वाचत गेलो, तशी ती गंमत उरली नाही. नेरूदाचे कुटुंब तिथे राहायला गेले तेव्हा तेमुकोला तीस वर्षेही झालेली नव्हती. १८८१ मध्ये लष्करी ठाणे म्हणून ते वसवले गेले होते. ज्यांच्या मुलखावर ते ठाणे बसले, त्यांचीच मुले-नातवंडे आता त्या दुकानांपुढे उभी होती.

हे लोक म्हणजे मापुचे. ‘मापू’ म्हणजे जमीन, ‘चे’ म्हणजे माणसे. त्यांची भाषा मापुदुंगुन, म्हणजे जमिनीची बोली. समुद्राकाठचे ते लाफ्केन्चे, दक्षिणेचे विल्लिचे. अँडीजच्या उतारावर पेवेन नावाचा उंच सूचिपर्णी वृक्ष वाढतो. त्याच्या बिया साठवून, दळून हिवाळा काढणारे ते पेवेन्चे. माणसाची ओळख तो कुठे राहतो यावरूनच ठरते.

मात्र ‘मापू’ म्हणजे नुसती माती नव्हे. वरची मापू आहे, पायाखालची आहे आणि तिच्याही खालची आहे. झरा, रान, डोंगर या प्रत्येकाचा एक ‘न्गेन’ असतो. कोकणातल्या वाचकाला राखणदार म्हटले की चटकन कळेल. पाणी घेण्यापूर्वी, औषधी पाला तोडण्यापूर्वी त्याची परवानगी मागायची. रोग बरा करणारी आणि देवकार्य चालवणारी व्यक्ती म्हणजे माची. बहुधा ती स्त्री असते. तिच्या ‘कुल्त्रुन’ या ढोलाच्या कातड्यावर चार दिशा रेखलेल्या असतात. पारंपरिक घराचे दार पूर्वेला उघडते. अशा माणसांना जमीन कोणाच्या मालकीची हे विचारले, तर प्रश्नच उलटा वाटणार.

त्यांना राजा नव्हता. कुळाकुळाचा एक ‘लोन्को’ असे, युद्धापुरता एक सेनानी निवडला जाई. साम्राज्यांची पंचाईत झाली ती इथेच. राजाला पकडले की राज्य पडते, हा अनुभव स्पेनच्या सैन्याने इंकांच्या बाबतीत घेतला होता. इथे पकडायला राजाच नव्हता. १५५३ मध्ये विजेता पेद्रो दे वाल्दिविया तुकापेलच्या लढाईनंतर मारला गेला. त्याला हरवणारा लाउतारो पूर्वी त्याच्याच पदरी नोकर होता आणि घोडदळाची मर्मस्थाने तिथेच शिकला होता. १५९८ मध्ये कुरालाबा येथे आणखी एक गव्हर्नर पडला, आणि पुढच्या काही वर्षांत बिओबिओ नदीच्या दक्षिणेकडील सात स्पॅनिश नगरे उजाड झाली.

अखेर ६ जानेवारी १६४१ रोजी किलिन येथे तह झाला. बिओबिओ ही सरहद्द ठरली. त्यानंतर दीड शतकाहून अधिक काळ अशा बैठका भरत राहिल्या. दोन्हीकडची माणसे जमत, भेटी दिल्या-घेतल्या जात, लांबलचक भाषणे होत. स्पॅनिश लेखनिक सारे कागदावर उतरवी. मापुचे बाजूला शब्द लक्षात ठेवणारे वक्ते असत; ठरलेली गोष्ट त्यांच्या मुखी राही. चकमकी, लूट, गुलामांचा व्यापार थांबला असे नाही. पण नदीपलीकडे मापुचे स्वतंत्र राहिले.

मला अस्वस्थ करतो तो यापुढचा भाग. हा मुलूख राजेशाहीने घेतला नाही, तो स्वातंत्र्याच्या नावाने जन्मलेल्या प्रजासत्ताकाने घेतला. ओ’हिगिन्स आणि सान मार्तिन या स्वातंत्र्यवीरांच्या गुप्त मंडळाचे नाव ‘लाउतारो’ होते. अलोन्सो दे एर्सिया या स्पॅनिश सैनिकाने सोळाव्या शतकात मापुचेंच्या शौर्यावर ‘ला आराउकाना’ हे महाकाव्य लिहिले, ते चिलीने राष्ट्रीय ठेवा मानले. १८२५ मध्ये नव्या सरकारनेही तापिवे येथे मापुचेंशी तह केला. पूर्वजांचे पोवाडे गायचे आणि नातवंडांची जमीन मोजायला घ्यायची, असे हे घडत गेले.

सोन्याच्या शोधात माणसे कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियाकडे धावली, तेव्हा चिलीच्या गव्हाला भाव आला. गव्हाला जमीन हवी होती. १८६१ मध्ये कोर्नेलियो साआवेद्रा या अधिकाऱ्याने योजना मांडली: किल्ल्यांची एक रांग, मग पुढे दुसरी. मागोमाग रस्ते, तारायंत्र, आगगाडी. मोहिमेचे नाव होते ‘आराउकानियाचे शांतीकरण’. १८८१ च्या नोव्हेंबरात मापुचेंनी मोठा उठाव केला, तो मोडला गेला. १८८३ मध्ये वियारिकापर्यंत सैन्य पोचले. अँडीजपलीकडे अर्जेंटिनाचे सैन्य याच वर्षांत त्यांच्या भाईबंदांचा मुलूख घेत होते.

बंदुकीचे काम संपल्यावर कागदाचे सुरू झाले. १८६६ च्या कायद्याने ताबा सिद्ध न झालेली जमीन सरकारजमा ठरली होती. तिचे लिलाव झाले, वसाहतकऱ्यांना तुकडे मिळाले. १८८४ ते १९२९ या काळात मापुचे कुळांना सुमारे ३,००० सनदा देण्यात आल्या. एकूण क्षेत्र सुमारे ५ लाख हेक्टर, म्हणजे पूर्वीच्या मुलखाचा विसावा हिस्सा किंवा थोडे अधिक. या सनदेचे नाव ‘तितुलो दे मेर्सेद’, म्हणजे कृपेची सनद. ज्यांची जमीन, त्यांनाच ती कृपा म्हणून! घर आणि कसलेले शेत मुख्यतः हिशेबात आले. गुरे चरण्याची कुरणे आणि रान बहुतांशी बाहेर राहिले. गुरांवर श्रीमंत असलेले लोक एका पिढीत गरीब झाले. त्यातही शेजारचा जमीनदार रातोरात कुंपण सरकवी. बांध कोरणे आपल्याकडे खेडोपाडी ठाऊक आहे. फरक एवढाच, की इथे दाद मागायचे न्यायालय कुंपण सरकवणाऱ्याच्या भाषेत बोलत होते.

१९७९ मध्ये पिनोचेच्या राजवटीने आणखी एक हुकूम काढला. सामायिक जमिनीतल्या एकानेही मागणी केली, तर तिची वाटणी करता येणार होती. हुकूमाच्या मूळ मजकुरानुसार वाटणीनंतर ती जमीन मूळ रहिवाशांची राहणार नव्हती, आणि तिचे मालकही ‘मूळ रहिवासी’ गणले जाणार नव्हते. एका कलमाने माणसाची ओळख पुसता येते, असे कुणाला तरी वाटले होते. २०१७ च्या जनगणनेत १७ लाखांहून अधिक लोकांनी आपण मापुचे असल्याचे नोंदवले.

कागदाशी त्यांचे नाते मात्र बदलले आहे. पास्कुआल कोन्या या वृद्ध लोन्कोने आपले आयुष्य एका मिशनऱ्याला तोंडी सांगितले; ते पुस्तक १९३० मध्ये मापुदुंगुन आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत छापले गेले. २०२१ मध्ये एलिसा लोन्कोन या मापुचे भाषाशास्त्रज्ञ चिलीच्या घटना परिषदेच्या अध्यक्ष झाल्या. मूळ रहिवाशांचे हक्क मान्य करणारा तो मसुदा २०२२ च्या सार्वमतात मोठ्या फरकाने नाकारला गेला. जमिनीचे भांडण अजून मिटलेले नाही. जिथे कुरणे आणि रान होते, तिथे आता कित्येक ठिकाणी कागदाच्या लगद्यासाठी लावलेले पाइन आणि निलगिरी उभे आहेत.

आणि तरी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. एलिकुरा चिवायलाफ या मापुचे कवीला २०२० मध्ये चिलीचा राष्ट्रीय साहित्य पुरस्कार मिळाला. तो स्वतःला ‘ओरालितोर’ म्हणवतो, म्हणजे मौखिक आणि लिखित यांच्या मधोमध उभा असलेला. १९९६ मध्ये त्याने नेरूदाच्या कविता मापुदुंगुनमध्ये आणल्या. तेमुकोच्या दुकानांवर ज्यांच्यासाठी कुलूप आणि बूट टांगले होते, त्यांच्या भाषेत तेमुकोतच वाढलेला कवी आता वाचता येतो. जमीन त्यामुळे परत आलेली नाही. पण ती कोणाची होती हे त्याच भाषेत लिहून ठेवणारी माणसे आज आहेत.