कमी हार्मोनचे वंध्यत्वोपचार : कोणाला उपयुक्त, कोणाला नाही

लग्नाला दोन-तीन वर्षे झाली, की धाराशिव जिल्ह्यातील अनेक घरांत सुनेकडे 'काही विशेष?' अशी विचारणा सुरू होते. आई तुळजाभवानीला नवस बोलला जातो, गावातले उपाय होतात आणि मग सोलापूर, लातूर किंवा पुण्याच्या रुग्णालयाची वाट धरली जाते. तेथे रोजच्या इंजेक्शनांची यादी हाती पडली, की खर्चाबरोबरच 'इतके हार्मोन अंगात गेल्यावर पुढे काय?' ही धास्ती मनात घर करते. कमी हार्मोन वापरून करावयाचे उपचार उपलब्ध आहेत. मात्र ते सर्वांनाच लागू पडत नाहीत.

आधी कारण शोधा

कोणत्याही गर्भनिरोधकाशिवाय वर्षभर नियमित संबंध ठेवूनही दिवस न राहणे, यास वंध्यत्व म्हणतात. स्त्रीचे वय ३५ च्या पुढे असल्यास सहा महिन्यांनंतरच तपासणी करून घेणे श्रेयस्कर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ मधील अहवालानुसार जगात दर सहा प्रौढांमागे सुमारे एकाला आयुष्यात केव्हातरी ही अडचण येते. दोष पुरुषातही असू शकतो. त्यामुळे पतीची वीर्यतपासणी प्रथम व्हायला हवी. ही तपासणी सोपी व तुलनेने स्वस्त असते. ती टाळून पत्नीला महिनोन्महिने गोळ्या देत राहणे म्हणजे तिच्या वयाची अमूल्य वर्षे वाया घालविणे होय. गर्भनलिका मोकळ्या आहेत की नाहीत, हेही पाहावे लागते. आपल्याकडे जननेंद्रियांचा क्षयरोग हे नलिका बंद होण्याचे एक महत्त्वाचे कारण आहे.

गोळ्यांचा मार्ग

पीसीओएस असलेल्या स्त्रियांमध्ये स्त्रीबीज वेळेवर बाहेर पडत नाही. वजन जास्त असल्यास ते पाच ते दहा टक्के घटल्यानेही अनेकींची पाळी सुधारते. त्यानंतर लेट्रोझोल किंवा क्लोमिफेन या गोळ्या पाळीच्या सुरुवातीचे पाच दिवस दिल्या जातात. या गोळ्या स्वतः हार्मोन नसून शरीराला स्वतःचे हार्मोन वाढविण्यास प्रवृत्त करतात. अमेरिकेत पीसीओएसच्या ७५० स्त्रियांवर झालेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लेट्रोझोल घेतलेल्या २७.५ टक्के, तर क्लोमिफेन घेतलेल्या १९.१ टक्के स्त्रियांना मूल झाले. भारतात २०११ मध्ये वंध्यत्वासाठी लेट्रोझोल वापरण्यास बंदी घालण्यात आली होती. २०१७ मध्ये ती उठविण्यात आली. नलिका मोकळ्या असतील आणि वीर्यात फार मोठा दोष नसेल, तर गोळ्यांच्या जोडीला आययूआय, म्हणजे शुद्ध केलेले वीर्य थेट गर्भाशयात सोडण्याचा उपचार करता येतो.

टेस्ट ट्यूब बेबी, पण सौम्य

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये जन्मलेली जगातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राऊन ही हार्मोनची इंजेक्शने न देता, आईच्या नैसर्गिक पाळीत तयार झालेल्या एकाच स्त्रीबीजापासून जन्मली होती. पुढे अधिक स्त्रीबीजे मिळावीत म्हणून आठ ते बारा दिवस रोज इंजेक्शने देण्याची पद्धत रूढ झाली. तिने यश वाढले, तसा बीजांडकोश सुजण्याचा धोकाही वाढला. पोटात पाणी साठणे, धाप लागणे ही त्याची गंभीर लक्षणे होत. तरुण व पीसीओएस असलेल्या स्त्रियांना हा धोका अधिक असतो.

सौम्य पद्धतीचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिल्यात नैसर्गिक पाळीतील एकच स्त्रीबीज घेतले जाते. हवे तर शेवटचे काही दिवस अल्प औषध देतात. दुसऱ्यात गोळ्या किंवा दिवसाला १५० युनिटपर्यंतची इंजेक्शने देऊन दोन ते सात स्त्रीबीजे मिळविली जातात.

नेदरलँड्समध्ये ३८ वर्षांखालील ४०४ स्त्रियांवर झालेला अभ्यास २००७ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सौम्य औषधे देऊन एक गर्भ सोडण्याच्या पद्धतीत वर्षभरातील उपचारांती पूर्ण दिवसांचे मूल होण्याचे प्रमाण ४३.४ टक्के, तर नेहमीची औषधे देऊन दोन गर्भ सोडण्याच्या पद्धतीत ४४.७ टक्के आढळले. एकाहून अधिक गर्भ राहण्याचे प्रमाण मात्र अनुक्रमे ०.५ आणि १३.१ टक्के होते. म्हणजे यश जवळपास सारखे. परंतु त्यासाठी उपचारांची अधिक आवर्तने करावी लागतात.

मर्यादाही ध्यानात घ्याव्यात

पूर्णतः नैसर्गिक पाळीत स्त्रीबीज काढण्यापूर्वीच फुटून गेले, तर तो महिना फुकट जातो. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत ही पद्धत देऊ नये, असे म्हटले होते. चाळिशीकडे झुकलेल्या स्त्रीने केवळ इंजेक्शनांच्या भीतीने कमी यशाच्या आवर्तनांत वर्ष घालविणे परवडणारे नसते. याउलट ज्यांच्या बीजांडकोशात स्त्रीबीजांचा साठाच थोडा आहे, त्यांना जास्त औषध देऊन नसलेली बीजे निर्माण होत नाहीत. त्यांच्यासाठी सौम्य पद्धतीचा विचार करता येतो.

उमरगा किंवा परंड्याहून शहरात जाणाऱ्या स्त्रीसाठी आणखी एक हिशेब असतो. औषध कमी म्हणजे फेऱ्या कमी, असे नाही. स्त्रीबीजाची वाढ पाहण्यासाठी सोनोग्राफी वारंवार करावी लागते आणि नैसर्गिक पाळीत नेमका दिवस आपल्या सोयीने ठरत नाही. सुरुवातीची सोनोग्राफी घराजवळ करून अहवाल पाठविता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे.

कायद्याचा आधार

सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायदा जानेवारी २०२२ पासून देशभर लागू आहे. त्यानुसार आययूआय व आयव्हीएफ करणाऱ्या केंद्रांना नोंदणी बंधनकारक आहे. उपचारासाठी स्त्रीचे वय २१ ते ५०, तर पुरुषाचे २१ ते ५५ असावे लागते आणि लेखी संमतीशिवाय उपचार करता येत नाहीत. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी पाच प्रश्न जरूर विचारावेत : आमच्या बाबतीत नेमके कारण काय, केंद्राची नोंदणी आहे का, कोणते औषध किती मात्रेत देणार, आमच्या वयोगटात एका आवर्तनात मूल होण्याचे प्रमाण किती, आणि हा उपचार फसल्यास पुढचा टप्पा कोणता? या उत्तरांवरून पती-पत्नी दोघांनी मिळून निर्णय घ्यावा. औषध कमी की जास्त, हे त्यानंतरच ठरते.