सर्पगंधा : मुळीपासून गोळीपर्यंतचा प्रवास

"डॉक्टर, वनस्पतीचे औषध म्हणजे साइड इफेक्ट नाहीत ना?" असे तुमच्यापैकी अनेकजण विचारतात. या प्रश्नाचे उत्तर सर्पगंधेच्या इतिहासात सापडते.

सर्पगंधेची मुळी आपल्याकडे सर्पदंश, निद्रानाश आणि उन्माद यांवर पिढ्यान् पिढ्या वापरली जाई. १९३१ साली दोन महत्त्वाच्या गोष्टी घडल्या. कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी उन्मादाबरोबरच वाढलेल्या रक्तदाबावरही उपयोगी पडते, असे लिहिले. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी तिच्यातील रासायनिक घटक वेगळे केले. त्यांपैकी एकाला त्यांनी हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ 'अजमलीन' हे नाव दिले.

पुढचा टप्पा मुंबईचा. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा रुग्णांना देऊन त्यांच्या रक्तदाबाच्या नोंदी काटेकोरपणे ठेवल्या आणि १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. उच्च रक्तदाबावर तेव्हा फारशी औषधेच नव्हती, त्यामुळे जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या संशोधकांनी तिच्यातील मुख्य घटक, रेसरपीन, वेगळा केला. डॉ. वकील यांना १९५७ साली अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

रेसरपीन काम कसे करते? मज्जातंतूंच्या टोकाशी नॉरअॅड्रेनॅलिनचा साठा असतो. रेसरपीन तो रिकामा करते. मग रक्तवाहिन्या सैलावतात, नाडी मंदावते आणि रक्तदाब उतरतो. पण मेंदूतील डोपामिन आणि सेरोटोनिन यांचे साठेही असेच घटतात. म्हणून काही रुग्णांना नैराश्य येऊ लागल्याच्या नोंदी १९५० च्या दशकातच झाल्या. नाक चोंदणे, सुस्ती, पोटात अल्सर हे त्रासही दिसले. पुढे अधिक सुरक्षित औषधे आली आणि रेसरपीन मागे पडले.

यातून दोन गोष्टी लक्षात घ्या. परंपरेने वापरलेल्या वनस्पतीत खरोखर गुण असू शकतो, तिला हसण्यात अर्थ नाही. आणि ज्या वनस्पतीत रक्तदाब उतरवण्याची ताकद आहे, तिच्यात अपाय करण्याचीही ताकद असते. मुळीच्या चूर्णात रेसरपीनचे प्रमाण सारखे नसते, गोळीत ते मोजलेले असते. एवढाच फरक, पण तो फार मोठा आहे.

तेव्हा बीपीची गोळी परस्पर बंद करू नका. कोणतेही चूर्ण, काढा किंवा आसव घेत असाल, तर तुमच्या डॉक्टरांना आणि वैद्यांना, दोघांनाही मोकळेपणाने सांगा. विशेषतः पूर्वी नैराश्य किंवा अल्सर झाला असेल, तर सर्पगंधा असलेले औषध स्वतःच्या मनाने मुळीच घेऊ नका.