कुडाचें घर

डहाणू स्टेशनाच्या पश्चिमेस, समुद्राच्या अंगाला, चिकूच्या वाड्या आणि पारशी-इराणी बागायतदारांचे बंगले लागतात. पूर्वेकडे वळून तलासरीच्या वाटेला लागलें कीं कुडाचीं घरें दिसूं लागतात. बंगल्यांचें कौतुक सर्वांस आहे; वारली शेतकऱ्याचें घर मात्र ‘झोपडी’ या एका शब्दांत निकालांत काढण्याची शहरी वहिवाट पडली आहे. ती बरोबर नव्हे.

या घराचा सारा भार खांबांवर असतो. खांबाच्या माथ्यावरचें बेळकें मूळ झाडाचेंच राखलेलें असतें, आणि त्यांत आडवें लांकूड बसतें. भिंत केवळ पडदा. कारवीच्या काठ्या उभ्या लावावयाच्या, बांबूच्या कामट्यांनीं आवळावयाच्या आणि शेणमातीनें लिंपावयाच्या. पावसानें एखादी बाजू झडली, तर तेवढीच नवी करतां येते. छपराला धक्का लागत नाहीं. खिडक्या नाहींत, अशी तक्रार पाहुणे करतात. पण चुलीचा धूर छपरांतून सावकाश झिरपतो, तो वाशांना कीड लागूं देत नाहीं. गुरें बहुधा त्याच छपराखालीं, एका बाजूस. भात कणगींत, म्हणजे बांबूच्या विणलेल्या व शेणानें सारवलेल्या कोठींत. पेंढा अंगणांतल्या उंच मांडवावर, गुरांच्या तोंडापासून दूर. खालीं उन्हाळ्याची सावली आयतीच मिळते.

गंमत अशी कीं, इंग्लंडांतील जुन्या शेतघरांची रीत याहून फार निराळी नव्हती. तेथेंही लांकडी चौकट, मध्यें विणलेल्या काठ्या व त्यांवर माती. धान्याचें कोठार, उंदरांना चढतां येऊं नये म्हणून, छत्रीच्या आकाराच्या दगडी पायांवर. परंतु त्यांतलीं कित्येक घरें तीन-तीनशें वर्षें उभीं आहेत, आणि डहाणूचें घर वारंवार नवें करावें लागतें. हा फरक लांकडाचा, वाळवीचा आणि पावसाचा आहे, तसाच तो हक्काचाही आहे. 1878 च्या जंगल कायद्यानंतर राखीव रानांतलें लांकूड शेतकऱ्याच्या हातचें गेलें. जमिनी सावकारांकडे गेल्या. वारली आपल्याच शेतावर कूळ झाला आणि वेठीला धरला गेला. जेथून उद्यां उठविलें जाण्याचें भय, तेथें दगडी जोतें कोण घालील?

23 मे 1945 रोजीं तलासरीजवळ झरी येथें हजारों वारली जमले आणि त्यांनीं वेठीस नकार दिला. किसान सभेच्या गोदावरी परुळेकर त्यांच्या पाठीशीं होत्या. ऑक्टोबरांत तलवाड्यास गोळीबार होऊन 5 जण मारले गेले. तरी लढा मोडला नाहीं. 1948 चा कूळकायदा नंतरचा, आणि वनहक्कांचा कायदा तर 2006 चा. आतां विटा, सिमेंट व पत्रे आले आहेत. पत्र्याखालीं दुपार काढणें मात्र कठीण.

या घराची एकच भिंत बाहेरच्या जगानें पाहिली आहे. लग्नाच्या वेळीं गेरू फांसून सुवासिनी तांदळाच्या पिठानें जिच्यावर चौक रेखितात, ती. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनीं ही चित्रकला कागदावर आणि कापडावर आणली; 2011 सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. चित्राच्या कापडालाही ते आधीं शेणाचा हात देत.