तांब्याच्या पत्र्यावरचे राजकारण

डिसेंबर 1783 मध्ये लंडनमध्ये एक चित्र विकायला आले. मोगल बादशहाच्या थाटात हत्तीवर बसलेले मंत्री चार्ल्स जेम्स फॉक्स. हत्तीला तोंड त्यांचे सहकारी मंत्री लॉर्ड नॉर्थचे. पुढे तुतारी फुंकणारे त्यांच्याच बाजूचे एडमंड बर्क. फॉक्सचे विधेयक म्हणजे ईस्ट इंडिया कंपनी बळकावण्याचा डाव, हा चित्रकार जेम्स सेयर्सचा आरोप. राजा विरोधात गेला, विधेयक पडले, मंत्रिमंडळही गेले. संसदेतल्या भाषणांपेक्षा सेयर्सच्या चित्रांनी आपले जास्त नुकसान केले, असे फॉक्सना वाटे.

ही चित्रे निघत ती अशी. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर मेण-राळेचा पातळ थर द्यायचा, त्यात सुईने चित्र उलटे काढायचे, मग वर तेजाब सोडायचे. उघड्या पडलेल्या रेघा तेवढ्या खाल्ल्या जातात. त्यांत शाई भरून दमट कागद दाबला की ठसा उठतो. रंग हाताने भरत. विकत घेणे साऱ्यांना परवडत नसे, पण दुकानाच्या काचेसमोर गर्दी फुकट पाहायला जमे.

मुळाशी मात्र कायदा आहे, आणि मला तो तंत्राइतकाच मोलाचा वाटतो. छापण्याआधी परवाना घेण्याची सक्ती इंग्लंडात 1695 मध्ये संपली. 1735 मध्ये विल्यम होगार्थच्या खटपटीने चित्रकाराला आपल्या छापावर 14 वर्षांचा हक्क मिळाला. त्यासाठी प्रकाशनाची तारीख पत्र्यावरच कोरावी लागे; म्हणून आज कित्येक चित्रांचा नेमका दिवस कळतो.

जेम्स गिलरेचे 1791 च्या डिसेंबरातले चित्र असेच. विषय टिपू सुलतानाच्या श्रीरंगपट्टणाहून माघार घेणाऱ्या इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसची फजिती. मे महिन्यात त्याला जड तोफा फोडून परतावे लागले होते. उपाशी फौजेला धान्य मिळाले ते वाटेत भेटलेल्या मराठा सरदार हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांच्या छावणीतल्या बाजारात. त्या मोहिमेत हैदराबादचा निजामही इंग्रजांच्या बाजूने होता.

1841 मध्ये लंडनला ‘पंच’ हे व्यंग साप्ताहिक निघाले आणि त्याचे नाव पुढे ठाण्याच्या मराठी ‘हिंदू पंच’ने उचलले. मराठी बोलणारी परभणी मात्र तेव्हा निजामाच्या राज्यात होती. तिथे पुढे गश्ती क्रमांक 53 या सरकारी परिपत्रकाने साध्या सभेलाही परवानगी लागे, मग राज्यकर्त्याची टिंगल छापणे दूरच. तरी 1937 मध्ये तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या परतूरला निजाम राज्यातल्या मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. 13 ऑगस्ट 1960 ला मुंबईत बाळ ठाकरे यांनी ‘मार्मिक’ हे व्यंगचित्र साप्ताहिक सुरू केले, तेव्हा परभणी ज्या महाराष्ट्र राज्यात होती, ते स्थापन होऊन साडेतीन महिने झाले होते.