कोशात जागा कुणाला?

कोश करायला घेतला की संपादकाला पहिली अडचण येते ती जागेची. कुठली नोंद घ्यायची, कुठली गाळायची? कचेरीत जुन्या फायलींची छाननी होते तेव्हा आम्हा कारकुनांपुढेही हाच प्रश्न असतो. एकदा मी 'नाश करावी' असा शेरा मारलेली फाईल शोधत दोन वर्षांनी एक म्हातारे गृहस्थ आले. फाईल केव्हाच गेली होती. तेव्हापासून असा शेरा मारताना हात अडखळतो. असो.

मी कला शाखेचा, गणिताशी माझे कधी जमले नाही. पण बीजगणितातल्या 'क्वाटर्निअन'ची कथा वाचली आणि ती फाईल आठवली. डब्लिनचा हॅमिल्टन अनेक वर्षे तीन घटकांच्या संख्यांचा गुणाकार जमवू पाहत होता. सकाळी न्याहारीला मुले विचारत, "बाबा, जमला का?" बाबांचे उत्तर नकारार्थीच. १६ ऑक्टोबर १८४३ रोजी पत्नीसोबत कालव्याकाठाने जाताना त्याला उमगले की तीन नव्हे, चार घटक हवेत. त्याने चाकूने पुलाच्या दगडावर सूत्र कोरले! गंमत अशी की या संख्यांत क्रम बदलला की गुणाकार बदलतो. तीन पाचे आणि पाच त्रिक सारखेच, हे शाळेत घोकलेल्या आपल्याला ते विचित्रच वाटणार.

ब्रिटानिकाच्या नवव्या आवृत्तीत या विषयावर स्वतंत्र लेख आला. लिहिला कुणी? टेटने, म्हणजे हॅमिल्टनच्या कट्टर पुरस्कर्त्याने. २००१ साली सुरू झालेल्या विकिपीडियाचा नियम असा, की विषयाची दखल त्रयस्थाने घेतलेली हवी. त्या कसोटीवर एकटा टेट पुरला नसता. पुढे गिब्ज आणि हेविसाइड यांनी सोपी सदिश पद्धत रूढ केली. टेटचा मित्र केल्विनही क्वाटर्निअनच्या विरोधातच होता. विसाव्या शतकात हा विषय अडगळीत गेला. तेव्हा एखाद्या संपादकाने ती नोंद गाळली असती तर मी त्याला दोष दिला नसता. पण १९८५ मध्ये शूमेकने संगणकावरच्या चलच्चित्रांत वस्तू सहज फिरवण्यासाठी याच संख्या वापरल्या, आणि आज अंतराळयानाची दिशा राखतानाही त्या लागतात.

मला मात्र चुटपुट लागते ती ग्रेव्हजची. हॅमिल्टनच्या या मित्राने १८४३ च्या डिसेंबरातच आठ घटकांच्या संख्या शोधल्या आणि हॅमिल्टनला पत्राने कळवल्या. छापायचे राहून गेले. १८४५ मध्ये केलीने त्याच संख्या स्वतंत्रपणे शोधून छापल्या. ग्रेव्हजचा शोध आधीचा, हे हॅमिल्टनने नंतर छापून सांगितले खरे, पण तोवर उशीर झाला होता. पुढे कितीतरी वर्षे त्या 'केली संख्या' म्हणूनच ओळखल्या गेल्या.