व्यक्तिमत्त्वमापन : गुणविशेष व सामाजिक-बोधनिक उपपत्ती

वर्तनातील सातत्य हे व्यक्तीच्या ठायी वसणाऱ्या स्थिर गुणविशेषांतून उद्भवते, या धारणेने गॉर्डन ऑलपोर्ट व हेन्री ओडबर्ट यांनी 1936 मध्ये इंग्रजी शब्दकोशातून सुमारे 18,000 व्यक्तिवर्णनपर शब्द वेचले. त्यांच्याच आधारे पुढे रेमंड कॅटेलने घटक-विश्लेषणाने 16 मूलघटक मुकरर करून प्रश्नावली सिद्ध केली. प्रश्नावलीत मात्र माणूस स्वतःविषयी जबानी देतो, आणि तिचा प्रत्यक्ष वर्तनाशी सहसंबंध 0.30 च्या पलीकडे क्वचितच जातो, हे वॉल्टर मिशेलने 1968 मध्ये दाखवून दिले, तेव्हा या शास्त्रात मोठीच खळबळ माजली. स्थिर गुणविशेषांच्या धारणेहून वेगळी अशी सामाजिक-बोधनिक उपपत्ती मांडताना व्यक्ती, वर्तन व परिस्थिती ही परस्परांना घडवितात, असे अल्बर्ट बँड्युराने प्रतिपादिले. या वादात मिशेल व युइची शोदा यांनी मुलांच्या उन्हाळी शिबिरात केलेली निरीक्षणे सर्वांत मोलाची होत. एकंदर आक्रमकतेत सारखीच ठरणारी दोन मुले घेतली, तर एक सवंगड्याने चिडविताच उसळे, दुसरे वडीलधाऱ्याने ताकीद दिली असता. आणि ज्याचा त्याचा हा आकृतिबंध पुनःपुन्हा तसाच प्रकट होई. नुसत्या सरासरी गुणांकात हा भेद लोपतो. म्हणून सामाजिक-बोधनिक उपपत्तीचे अभ्यासक व्यक्तीच्या अपेक्षा, ध्येये व आत्मक्षमतेविषयीचा विश्वास यांची नोंद प्रसंगाच्या तपशिलासह घेतात.