निरसे दूध: नाशिक परिसरातील एका जुन्या शंकेचा इतिहास

नाशिक जिल्ह्याच्या आहारात न शिजवता पोटात जाणारा प्राणिज पदार्थ जवळजवळ एकच, आणि तो म्हणजे निरसे (न तापवलेले) दूध. मटण, कोंबडी, गोदावरी-दारणेतले मासे यांपैकी काहीही कच्चे खाण्याची चाल या भागात नाही. सुकट-बोंबीलही तव्यावर भाजूनच खाल्ले जातात. कच्चे अंडे तालमीपुरते राहिले. म्हणून कच्चा प्राणिज आहार घ्यावा की नाही, हा प्रश्न इथे पिढ्यान्‌पिढ्या दुधापुरताच विचारला गेला. त्याचे उत्तर मात्र जागेप्रमाणे बदलत राहिले. गोठ्यात, तालमीत आणि देवळात निरसे दूध चालत आले, स्वयंपाकघरात ते कधीच चालले नाही.

ही शंका इंग्रजांबरोबर आली, असा समज आढळतो; तो बरोबर नाही. सुश्रुतसंहिता आणि वाग्भटाचे अष्टांगहृदय या दोन्ही ग्रंथांत कच्चे दूध जड आणि अभिष्यंदी, म्हणजे शरीरातले मार्ग चिकट करून अडवणारे, मानले आहे. बेताने तापवलेले दूध हलके मानले आहे. याला अपवाद धारोष्ण दुधाचा. सडातून आलेली धार ऊबदार असतानाच प्यायली तर ते दूध अमृतासारखे, असे वाग्भट म्हणतो. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात ही विभागणी आणखी बारीक झाली. गाईचे दूध धारोष्ण, म्हशीचे धार काढून थंड झालेले, मेंढीचे तापवून गरम असलेले आणि शेळीचे तापवून निवलेले चांगले, असा त्याचा निवाडा आहे. या ग्रंथकारांना जंतू ठाऊक नव्हते. तरी धार काढल्यानंतर जाणारा वेळ दुधाचा गुण बदलतो, हे त्यांच्या निरीक्षणातून सुटले नव्हते. आज निरशा दुधाचा पुरस्कार करणारे अनेकजण धारोष्णाचे वचन तेवढे सांगतात आणि त्याच्या शेजारचे कच्च्या दुधाविषयीचे वचन गाळतात. ग्रंथ मात्र दोन्ही वचने एकत्र वाचूनच समजतो.

धारोष्ण दुधाची सवय मुख्यतः टिकली ती जिल्ह्याच्या पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा आणि शेजारचा अकोले तालुका हा डांगी गाईंचा मुलूख. सह्याद्रीच्या मुसळधार पावसात तग धरणारी, तेलकट कातडीची आणि काळ्या कठीण खुरांची ही जात. कानडी, ठाकर, महादेव कोळी अशा समाजांनी ती राखली. घोटी आणि राजूरची डांगी जनावरांची प्रदर्शने अजूनही गाजतात. पण डांगी गाय दुधासाठी प्रसिद्ध नाही. एका वेतात ती पाचशे लिटरच्या आसपास दूध देते आणि त्यातला मोठा वाटा वासराचा असतो, कारण भातखाचरात चालणारा बैल हेच या जातीचे खरे मोल. उरलेल्या दुधाचे लोणी आणि तूप होई, कारण डोंगरातून बाजारापर्यंत टिकून जाऊ शकणारा तोच पदार्थ. धार काढताना गुराख्याने दोन घोट तिथेच घेणे हा या जीवनाचा सहज भाग होता. गाय घरची, पिणारा ओळखीचा आणि धार नि तोंड यांत अंतर काही क्षणांचे, एवढ्या मर्यादेतच ती सवय होती.

शहरात हे अंतर वाढले. जुन्या नाशकातल्या दूधबाजाराचे नाव आजही त्या व्यवहाराची आठवण देते. गवळी आसपासच्या गोठ्यांतून दूध आणून घरोघरी रतीब घालत. पहाटे काढलेले दूध दारात मापाने ओतले जाईपर्यंत दोन-तीन तास सहज उलटत. उन्हाळ्यात तेवढ्या वेळात दुधात जंतूंची वाढ झपाट्याने होते, आणि चरवी नीट घासलेली नसली तर आणखीच. घरातल्या बाईला याचे शास्त्र माहीत नसले तरी परिणाम माहीत होता: न तापवलेले दूध संध्याकाळपर्यंत नासते. त्यामुळे दूध येताच तापवणे आणि रात्री पुन्हा एकदा तापवणे हा स्वयंपाकघराचा कायदाच बनला. त्यामागे रोगाची भीती फारशी नव्हती. दूध टिकावे, साय जाड यावी, विरजण नीट लागावे, हे हिशेब होते. तान्ह्या मुलाला वरचे दूध द्यायची वेळ आली तर त्यात पाणी आणि वावडिंग घालून ते उकळायचे, ही रीत घरोघरी होती. घराघरांतल्या चुलींनी जे काम केले, त्याचे मोल आरोग्याच्या इतिहासात फारसे मांडले गेलेले नाही. युरोपातल्या शहरांत एकोणिसाव्या शतकात कच्चे दूध सर्रास प्यायले जाई आणि त्यातून मुले दगावत. इथे तोच धोका पातेल्यात रोज संपत होता.

पंचवटी आणि त्र्यंबकेश्वर या क्षेत्रांमुळे नाशकात निरशा दुधाला दुसरीही एक जागा मिळाली. अभिषेकाला आणि पंचामृताला निरसेच दूध लागते, तापवलेले चालत नाही. दूध, दही, तूप, मध आणि साखर यांचे हे मिश्रण तीर्थ म्हणून तळहातावर पळीभर घेतले जाते. ते अन्न नव्हे. म्हणून घरी दूध उकळणारी माणसेही तीर्थाबद्दल शंका घेत नाहीत. प्रमाण थोडे असले तरी दूध दूषित असेल तर धोका शून्य होत नाही, हे खरे. दही आणि मध मिसळल्याने तो नाहीसा होतो, असेही मानता येत नाही.

तिसरी जागा तालीम. पहिलवानाच्या खुराकात दूध, तूप, बदाम आणि अंडी हे ठरलेले घटक. या बाबतीत महाराष्ट्राचा मानदंड नाशिक नव्हे, कोल्हापूर. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले आणि तालमींबरोबर धारोष्ण दुधाचे कट्टेही नावारूपाला आले. गंगावेशीत गिऱ्हाइकासमोर म्हैस पिळून फेसाळ दुधाचा पेला हाती देण्याची पद्धत प्रसिद्ध आहे. भावप्रकाशाप्रमाणे पाहिले तर म्हशीचे दूध ऊबदार घेणे बसत नाही, पण कट्ट्यावर कोणी ग्रंथ घेऊन येत नाही. नाशिकच्या तालमींत तितका डौल नसला तरी दुधावरचा विश्वास तोच होता. कच्चे अंडे दुधात फोडून पिण्याची सवयही तालमीतलीच. तिच्याविषयी मात्र निकाल लागलेला आहे. बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात शिजवलेल्या अंड्यातले सुमारे ९१ टक्के प्रथिन पचले, कच्च्यातले ५१ टक्केच. कच्च्या पांढऱ्या बलकातले अॅव्हिडिन हे द्रव्य बायोटिन नावाचे जीवनसत्त्व बांधून ठेवते, ते वेगळेच. ताकदीसाठी कच्चे अंडे पिणारा पहिलवान जवळजवळ निम्मी ताकद वाया घालवत होता.

शंकेला शास्त्राचा आधार मिळाला तो लष्करी छावण्यांमुळे. नाशिकजवळच्या देवळालीला १८६१ मध्ये छावणी झाली आणि मुंबईला उतरणाऱ्या गोऱ्या पलटणींचा तो थांबा बनला. अशा छावण्यांत विषमज्वर ही कायमची डोकेदुखी होती आणि बाजारातून येणाऱ्या पाणी-दुधावर डॉक्टरांचा रोख असे. सैनिकांना स्वच्छ दूध मिळावे म्हणून १८८९ मध्ये अलाहाबादला पहिला लष्करी दुग्धशेतीचा मळा सुरू झाला. पुण्याजवळ पिंपरीचा मळा पुढे याच व्यवस्थेतला. ही सगळी व्यवस्था २०१९ मध्ये बंद झाली. सैन्याच्या अनुभवातला सर्वांत बोलका धडा भारतातला नाही, माल्टाचा आहे. तिथे सैनिकांना महिनोन्‌महिने येणाऱ्या चढउताराच्या तापाचा जंतू डेव्हिड ब्रूस याने १८८७ मध्ये शोधला. तो कोठून येतो, हे मात्र थेमिस्टोक्लिस झामिट याने १९०५ मध्ये दाखवले: धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांच्या दुधातून. १९०६ मध्ये सैनिकांना शेळीचे कच्चे दूध देणे थांबवले आणि रोग्यांची संख्या कोसळली. हाच ब्रुसेलोसिस. गाई-म्हशींत त्यामुळे गर्भपात होतात, आणि गोठ्यात राबणाऱ्यांना, पशुवैद्यकांना आणि निरसे दूध पिणाऱ्यांना त्याची लागण होऊ शकते.

क्षयाची कथा अधिक गुंतागुंतीची. १९०१ मध्ये लंडनच्या परिषदेत जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख याने गुरांचा क्षय माणसाला फारसा होत नाही, असे ठासून सांगितले. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या आयोगाने दहा वर्षे प्रयोग करून १९११ मध्ये उलट निष्कर्ष दिला: तो होतो, आणि मुलांना दुधातून होतो. भारतात माणसाचा क्षय प्रामुख्याने माणसाकडून माणसाला होतो. त्यामागचे एक कारण घराघरांतले उकळणे हे मानले जाते. या दोन रोगांमुळे धारोष्णाचा जुना अपवादही लंगडा पडतो. निरोगी जनावराच्या ताज्या धारेत जंतू फार थोडे असतात, म्हणून वेळेचा मुद्दा योग्यच होता. पण क्षयाचा किंवा ब्रुसेलाचा जंतू जनावराच्या अंगातूनच दुधात उतरतो. धार कितीही ताजी असो, तो तिच्यात असू शकतो आणि जनावर वरून निरोगी दिसू शकते.

सरकारी कायद्यांनी या बाबीकडे उशिरा पाहिले. १९२५ चा मुंबई प्रांताचा भेसळविरोधी कायदा आणि १९५४ चा अखिल भारतीय कायदा यांचा मुख्य रोख दुधात घातलेल्या पाण्यावर आणि काढून घेतलेल्या स्निग्धांशावर होता. गिऱ्हाइकाची तक्रारही तीच. लॅक्टोमीटर डिग्री दाखवतो, जंतू दाखवत नाही. पाश्चरीकरणाचा खरा प्रसार झाला तो मुंबईच्या गरजेतून. दूध ७२ अंश सेल्सियसवर १५ सेकंद तापवून लगेच थंड केले की रोगजंतू मरतात आणि चव जवळजवळ तशीच राहते. १९४५ मध्ये आणंदहून मुंबईला दूध नेणारी योजना सुरू झाली, १९४९ मध्ये आरे दुग्धवसाहत आली, १९७० पासून दुधाचा महापूर योजनेने सहकारी संघांचे जाळे विणले. नाशिक जिल्ह्यातही गावोगाव संकलन केंद्रे झाली. संकरित होल्स्टीन-जर्सी गाई सिन्नर, निफाड, दिंडोरीच्या गोठ्यांत आल्या आणि दूध पिशवीत बंद झाले. गंमत अशी, की पाश्चरीकृत पिशवी घरी आणल्यावरही ती फोडून दूध पुन्हा उकळले जाते. शीतसाखळीवर गिऱ्हाइकाचा पूर्ण विश्वास बसलेला नाही, आणि सायही हवी असते.

कच्च्या आहाराचे आकर्षण या काळात मावळले नाही, त्याने रूप बदलले. १९२९ मध्ये गांधीजींनी न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला. भिजवलेले गहू, बदाम, पालेभाज्या असा तो आहार होता, दूध नव्हते. ऑगस्टमध्ये आमांशाने त्यांची प्रकृती खालावली आणि प्रयोग थांबला. १९४६ मध्ये उरुळी कांचनला निसर्गोपचाराचे केंद्र उभे राहिल्यावर कच्च्या भाज्या-फळांना महाराष्ट्रात प्रतिष्ठा मिळाली, पण तो प्रवाह शाकाहारी राहिला. अलीकडची लाट वेगळी आहे. देशी गाईचे न तापवलेले दूध काचेच्या बाटलीतून चढ्या भावाने घरपोच मिळते. कच्चे मांस आणि कच्चे दूध हाच मूळ मानवी आहार, असे सांगणारे पाश्चात्त्य विचारही मोबाइलवर पोहोचले आहेत. ज्या देशांतून ते आले, तिथले काही कायदे उलट दिशेचे आहेत. स्कॉटलंडने १९८३ मध्ये कच्च्या दुधाच्या विक्रीवर बंदी घातली, अमेरिकेने १९८७ मध्ये राज्याबाहेरच्या विक्रीवर. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतल्या दुभत्या गाईंत बर्ड फ्लूचा विषाणू सापडला. तो कच्च्या दुधात मोठ्या प्रमाणावर आढळला आणि पाश्चरीकरणाने निष्क्रिय होतो, असे दिसून आले.

पुरस्कर्त्यांच्या दाव्यांत थोडे तथ्यही आहे. उकळल्याने क जीवनसत्त्व आणि काही ब जीवनसत्त्वे थोडी घटतात. पण क जीवनसत्त्वासाठी दूध कोणी पीत नाही. प्रथिने आणि कॅल्शियम शाबूत राहतात. दूध न पचणाऱ्यांना कच्चे दूध सोसते, या दाव्याची स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१४ मध्ये तपासणी केली, तेव्हा फरक आढळला नाही. एक मुद्दा मात्र खरा गंभीर आहे. युरोपातल्या शेतकरी कुटुंबांच्या अभ्यासात कच्चे दूध पिणाऱ्या मुलांत दमा कमी दिसला. त्यामागचे घटक शोधणे चालू आहे. तरीही त्या संशोधकांनी मुलांना कच्चे दूध देण्याची शिफारस केली नाही, कारण एका बाजूला संभाव्य लाभ आणि दुसऱ्या बाजूला मूत्रपिंड निकामी करणारे जंतू असा तो सौदा होता.

घरची गाय असणाऱ्याला धारोष्ण दुधाचा मोह होणे समजण्यासारखे आहे. त्याने आधी पशुवैद्यकाकडून जनावराची क्षयाची आणि ब्रुसेलाची चाचणी करून घ्यावी. २०१९ पासूनच्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना ब्रुसेलाची लस दिली जाते. ती आयुष्यात एकदाच द्यावी लागते. गर्भार बायका, लहान मुले आणि आजारी माणसे यांनी चाचणी झालेल्या गाईचेही निरसे दूध घेऊ नये. विकत घेतलेले दूध, मग ते कोणत्याही जातीच्या गाईचे आणि कितीही महागड्या बाटलीतले असो, एक उकळी आणूनच प्यावे.